सहा टक्के आणि शेजारची शाळा

राजपथाच्या कडेची जांभळं पिकून गळायला लागली आहेत. तुमच्या पायांखालची फरशी काळीजांभळी, चिकट झाली आहे. एक पोरगा पानाच्या द्रोणात जांभळं घालतो, वर मीठ भुरभुरवतो आणि चार आणे मागतो. दशमान नाणी येऊन नऊ वर्षं झाली, तरी दिल्लीच्या तोंडात अजून आणेच आहेत. जून १९६६ चा शेवटचा आठवडा आहे. पाऊस आलेला नाही, वारा अंग भाजून काढतो आहे, आणि दुकानाच्या फळीवर पसरलेल्या वर्तमानपत्रात अजून रुपयाचीच बातमी आहे. ६ जूनला सरकारने रुपयाची किंमत उतरवली. चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांना गेला.

गेल्या वर्षी पावसाने दगा दिला. रेशनवरचा गहू अमेरिकेच्या बोटींमधून येतो. दोन वर्षांत दोन पंतप्रधान गेले. चार वर्षांत दोन युद्धं झाली. आणि याच शहरात, याच उन्हाळ्यात, काही माणसं पुढच्या वीस वर्षांत या देशाने आपल्या मुलांच्या शिक्षणावर किती पैसे खर्चावेत याचा आकडा पक्का करत बसली आहेत. तुम्हाला तिकडे जायचं आहे.

कचेरीत शिरताना तुम्हाला कोणी अडवत नाही. हातात कागद असलेला माणूस इथे कुठेही जाऊ शकतो. व्हरांड्यात वाळ्याच्या ताट्या टांगल्या आहेत, शिपाई त्यांच्यावर पाणी शिंपडतो, आणि ओल्या वाळ्याचा वास शाईच्या, डिंकाच्या आणि सायक्लोस्टाईल यंत्राच्या वासात मिसळतो. टेबलावरचे पंखे फिरतात म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काचेचं वजन ठेवलेलं आहे. दारावरची पाटी शिक्षण मंत्रालयाची आहे. या मंत्रालयाचे तुकडे झाले आणि पुन्हा जोडलेही गेले. मौलाना आझाद १९५८ च्या फेब्रुवारीत वारले तेव्हा त्यांच्याकडे शिक्षण आणि वैज्ञानिक संशोधन अशी दोन्ही कामं होती. त्यानंतर खात्याची वाटणी झाली: शाळा-कॉलेजं एका मंत्र्याकडे, प्रयोगशाळा दुसऱ्याकडे. १९६३ च्या अखेरीस महंमद करीम छागला शिक्षणमंत्री झाले आणि दोन्ही पुन्हा एका छताखाली आली. म्हणजे पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेचा प्रश्न आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा प्रश्न आता एकाच माणसाच्या टेबलावर येतो. माझ्या मते ते तसंच असायला हवं. जिथे चारांपैकी तीन माणसांना वाचता येत नाही (१९६१ ची जनगणना हेच सांगते), तिथे पहिलीतला मुलगा आणि संशोधक यांचा विचार वेगवेगळ्या इमारतींत झाला तर दोघांचंही नुकसान होतं.

आतल्या खोलीत टाइपरायटरांचा खडखडाट चालू आहे. मधोमध बसलेला टायपिस्ट पाच कागद आणि चार कार्बन एकावर एक लावून रोलरमध्ये सरकवतो. तुम्ही उष्म्याने हैराण होऊन स्वतःशीच काहीतरी पुटपुटता आणि तो मान वर करतो.

"मराठी वाटतं? पुण्याकडचे का?"

तो साताऱ्याचा. करोलबागेत एका खोलीत बिऱ्हाड आहे, मुलगा पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत जातो. काम किती दिवस चाललंय म्हणून तुम्ही विचारता तर तो बोटांनी हवेत एक मोठा गठ्ठा दाखवतो. शिक्षण आयोगाच्या अहवालाची एकोणीस प्रकरणं आहेत. एकेक प्रकरण तीनतीनदा, चारचारदा खोडून पुन्हा टाइप झालं आहे. मसुद्यांवरच्या दुरुस्त्या बहुतेक एकाच हाताच्या आहेत.

"आमच्याच बाजूचे आहेत," तो म्हणतो. "कोल्हापूरचे. जे. पी. नाईक."

आयोगाचे सदस्य-सचिव जयंत पांडुरंग नाईक. जन्म १९०७ चा, आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचा. कायदेभंगात १९३२ साली तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर शहरात नोकरी न शोधता धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन बसले, आणि शाळा, साक्षरता, आरोग्य असं मिळेल ते काम हाती घेतलं. पुढे कोल्हापूर संस्थानात काम, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाची उभारणी, मुंबईत भारतीय शिक्षण संस्थेची स्थापना. मग दिल्लीत शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार, तेही नाममात्र मानधनावर. खेड्यात शाळा का गळते, म्हणजे पहिलीत आलेली मुलं चौथीपर्यंत का उरत नाहीत, हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे असा माणूस या टेबलापाशी बसला आहे. या अहवालात जे जिवंत आहे त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

आता दोन वर्षं मागे या.

१४ जुलै १९६४. नेहरू जाऊन दोन महिनेही झालेले नाहीत. सरकार एका ठरावाने शिक्षण आयोग नेमतं. याआधीही आयोग झाले होते, एक विद्यापीठांचा, एक माध्यमिक शाळांचा. बालवाडीपासून संशोधनापर्यंत अख्खं शिक्षण एकत्र पाहणारा आयोग स्वतंत्र भारतात हा पहिलाच. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी. केंब्रिजला रदरफर्डच्या हाताखाली काम केलेले पदार्थवैज्ञानिक, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, त्याआधी संरक्षण मंत्रालयाचे पहिले वैज्ञानिक सल्लागार. सतरा जणांच्या या मंडळात गव्हाच्या जाती पैदास करणारे बी. पी. पाल आहेत आणि महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक राहिलेल्या कुमारी पाणंदीकर आहेत. लंडनहून एल्विन, पॅरिसहून तॉमा, मॉस्कोहून शुमोव्स्की, तोक्योहून इहारा आले आहेत. अमेरिकेहून रॉजर रेव्हेल आहेत, हवेत वाढत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडबद्दल जगाला आधीच सावध करणारे समुद्रवैज्ञानिक. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकन आणि सोव्हिएत शास्त्रज्ञ एका टेबलाभोवती बसून भारतातल्या शाळांच्या वेळापत्रकावर बोलतात, आणि त्या टेबलापाशी तुम्हाला उभं राहायला मिळतं आहे.

२ ऑक्टोबर १९६४ ला काम सुरू होतं. मग दौरे. राज्याराज्यांतून, विद्यापीठांतून, शाळांतून. आयोग सुमारे नऊ हजार लोकांना भेटतो, चोवीसशेच्या वर निवेदनं वाचतो. अशाच एका बैठकीत मागच्या खुर्चीवर जाऊन बसा. जिल्ह्याच्या गावातला एक हॉल, भिंतीवर गांधींची तसबीर, पितळी तांब्यात पाणी. कुलगुरू विद्यापीठाच्या स्वायत्ततेवर बोलतात. उद्योगपती सांगतात की पदवीधर मिळतात, पण हाताने काम करणारा मिळत नाही. मग एक प्राथमिक शिक्षक उठतो. त्याने बोलायचं ते लिहून आणलं आहे, कागद हातात थरथरतो. तो सांगतो की दोन वर्ग त्याला एकदम शिकवावे लागतात, पगार तीन-तीन महिने येत नाही, आणि पेरणीच्या दिवसांत अर्धी मुलं शेतावर असतात. त्याला फार वेळ मिळत नाही. तो बोलला ते सगळं लघुलेखनात उतरून घेतलं जातं आणि गठ्ठ्यात जातं.

पाण्याचा घोट घेऊन आणखी मागे जाता येईल. १९१२ च्या मार्चमध्ये, जेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. किंवा १९१७ मध्ये, जेव्हा कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. किंवा १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं तेव्हा. सरकार शेतकऱ्यांकडून सारा घेतं आणि तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करतं, ही त्यांची तक्रार होती. ती तक्रार त्या जिल्ह्याच्या हॉलमध्ये अजून संपलेली नाही. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करायला सांगितलं होतं. १९६० येऊन गेलं. छागला हे उघडपणे बोलतात: झोपडं उभारलं, न शिकलेला शिक्षक नेमला, भिकार पुस्तक हातात दिलं, एवढ्याने घटनेचं पालन होत नाही.

१९६५. सप्टेंबरात युद्ध, दिल्लीत काळोखाच्या रात्री. शास्त्री सोमवारची संध्याकाळ उपाशी राहायला सांगतात. जानेवारी ६६ मध्ये ताश्कंदहून त्यांचं शव येतं. त्याच महिन्याच्या २४ तारखेला, सोमवारी, इंदिरा गांधी शपथ घेतात, आणि त्याच दिवशी माँ ब्लाँवर विमान कोसळून होमी भाभा जातात. या बातमीने विज्ञानाच्या प्रत्येक कचेरीत काय झालं असेल याची कल्पना करा. टाटा मूलभूत संशोधन संस्था, तुर्भ्याची अणुभट्टी, हे सगळं एका माणसाच्या ओढीने उभं राहिलं होतं. आयोगाचा विज्ञानावरचा मसुदा मात्र वेगळ्या वाटेने चालला आहे. थोर माणूस सापडला की त्याच्याभोवती संस्था बांधायची, हे पुरेसं नाही असं तो म्हणतो. पहिल्या दहा इयत्तांत गणित आणि विज्ञान प्रत्येक मुलाला शिकवा, मुलींनासुद्धा. विद्यापीठांत संशोधन वाढवा, कारण शिकवणं आणि शोधणं एका जागी असलं तरच दोन्ही टिकतात. १९६६ मध्येच बी. पी. पाल यांच्या क्षेत्रात मेक्सिकोहून १८,००० टन ठेंगण्या गव्हाचं बियाणं येतं आणि पंजाबच्या शेतात पडतं. संशोधनाचा परिणाम पोटापर्यंत पोचतो हे सिद्ध करायला देशाला याहून मोठा दाखला लागणार नव्हता.

आणि आता आकडा. जूनच्या त्या खोलीत परत या, टायपिस्टच्या खांद्यावरून कोष्टक वाचा. १९६५–६६ मध्ये देश शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.९ टक्के खर्च करतो, माणशी सुमारे बारा रुपये. १९८५–८६ पर्यंत तो ६ टक्क्यांवर न्यावा, माणशी चोपन्न रुपयांवर. कोष्टकाच्या उजव्या टोकाला ही चोपन्न संख्या टाइप होताना तुम्ही पाहता. बाहेर रेशनच्या रांगा आहेत. अर्थ मंत्रालय एकेक डॉलर मोजतं आहे. अशा वेळी हा आकडा लिहायला मोठं धैर्य लागतं, आणि ते भाबडेपणाचं धैर्य नव्हतं. लोकसंख्या किती वाढेल, उत्पन्न किती वाढेल, पाच वर्षांचं चांगलं शिक्षण सर्वांना १९७५–७६ पर्यंत आणि सात वर्षांचं १९८५–८६ पर्यंत द्यायचं तर किती शिक्षक लागतील, हे सगळं मांडून आकडा काढलेला आहे.

टायपिस्टला त्या कोष्टकात रस नाही. त्याला दुसरं पान दाखवायचं आहे. तो ड्रॉवर उघडून कार्बनची प्रत काढतो. पहिल्याच प्रकरणात आहे ते: समान शाळा. आज श्रीमंतांची मुलं फी भरून चांगल्या शाळेत जातात आणि गरिबांची मुलं मिळेल त्या शाळेत. यात गरिबांचं नुकसान आहेच, श्रीमंतांच्या मुलांचंही आहे, कारण ती ज्या देशात राहणार त्या देशातल्या माणसांना ती ओळखतच नाहीत. तेव्हा प्रत्येक वस्तीची एक शाळा असावी, आणि त्या वस्तीतल्या सगळ्या मुलांनी, जात, धर्म, पैसा न पाहता, तिथेच जावं. खासगी शाळा उद्या बंद करा असं आयोगाने म्हटलेलं नाही. वीस वर्षांची वाट आखली आहे: आधी सगळ्या सार्वजनिक शाळा एका किमान पायरीवर आणायच्या, दरम्यान जिथे लोकमत अनुकूल असेल तिथे प्राथमिक वर्गांपासून शेजारशाळेचा प्रयोग करायचा. युक्तिवाद रोकडा आहे. साहेबांची मुलं ज्या शाळेत जातात त्या शाळेचं छप्पर गळत राहत नाही.

"हे झालं," टायपिस्ट बोट ठेवून म्हणतो, "तर माझा पोरगा आणि आमच्या साहेबांचा पोरगा एका बाकावर."

तो हसत नाही. नवीन कागद रोलरवर चढवतो. पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही ते त्याला सांगत नाही.

२९ जून १९६६, बुधवार. अहवाल छागलांच्या हाती जातो. कोठारींचं पत्र, त्यामागे एकोणीस प्रकरणं. मंत्र्याने तो स्वीकारला तरी त्यातलं फार थोडं मंत्र्याच्या हातात आहे. शिक्षण राज्यांच्या यादीत आहे. दिल्ली अनुदान देऊ शकते, सल्ला देऊ शकते, आग्रह धरू शकते. शाळा राज्यांच्या. पाच महिन्यांत छागलांचं खातं बदलतं.

पुढच्या वर्षी खासदारांची तीस जणांची समिती अहवाल तपासते आणि शेजारशाळेच्या बाबतीत आयोगाच्याही पुढे जाऊन पाठिंबा देते. मग २४ जुलै १९६८ ला पहिलं राष्ट्रीय शिक्षण धोरण येतं. समान शाळेकडे जाण्याचे प्रयत्न व्हावेत असं त्यात लिहिलेलं आहे, सहा टक्क्यांचं उद्दिष्टही आहे. मात्र पैसा कुठून, कधी, कोण देणार, हे नाही. मला या धोरणाचा राग येतो तो इथे. विरोध केला असता तर वाद झाला असता, लोकांनी बाजू घेतल्या असत्या. मान्य करून बाजूला ठेवल्यावर वाद घालायलाही कोणी उरलं नाही.

मात्र अहवालातली एक गोष्ट तुमच्या घरापर्यंत आली. मार्च १९७५ मध्ये महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात उतरा, कोल्हापूर, नाशिक, नागपूर, कुठेही. परीक्षा केंद्राबाहेर दोन पिढ्या एकदम उभ्या आहेत. जुन्या अभ्यासक्रमाची अकरावी मॅट्रिकची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी, एकाच वर्षी. थोरली बहीण अकरावीला, धाकटा भाऊ दहावीला, असं कित्येक घरांत झालं. दहा, मग दोन, मग तीन हा आकृतिबंध कोठारी आयोगाचा. ज्युनियर कॉलेज हा शब्द मराठी घरांत तेव्हा आला आणि राहिला. वर्षांची विभागणी बदलता येत होती, ती बदलली. बाकावर कोण कोणाशेजारी बसतं हे बदलायला श्रीमंत पालकांना काही सोडावं लागणार होतं, तिथे अहवाल थांबला. सरकारचं अपयश म्हणून हे सोडून देणं सोपं आहे. आमच्यासारख्या मध्यमवर्गाने तेव्हा शाळा बदलून मागितली नाही, आपल्या मुलासाठी दुसरी शाळा शोधली, हेही त्यात लिहायला हवं.

नाईक हे सगळं पाहत होते. पुढे ते भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव झाले. त्यांची भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यात आली. आयुष्याच्या शेवटी त्यांनी आपल्याच अहवालाचं काय झालं याचा हिशेब पुस्तकात मांडला. १९८१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले आणि पुस्तक त्यानंतर वर्षाने आलं. स्वतःच्या सर्वांत मोठ्या कामाची अशी झाडाझडती घेणारा अधिकारी मला दुसरा माहीत नाही. पुस्तक आलं तेव्हा १९८५–८६ ची मुदत तीन-चार वर्षांवर होती, आणि सहा टक्के दूरच होते. २०२० च्या धोरणातही तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला गेला आहे.

शेवटचा मुक्काम मुंबईत. १९ जुलै २०२४, शुक्रवार, फोर्टमधली उच्च न्यायालयाची काळ्या दगडाची इमारत. याच न्यायालयाचे छागला अकरा वर्षं मुख्य न्यायमूर्ती होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांनाही पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्यायला लावल्या. आयोगाच्या स्वप्नाचा तो फार लहान तुकडा, पण कायद्यात बसलेला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने नियम बदलून ठरवलं की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर ही सक्ती नको. वस्तीतली सगळी मुलं एकत्र यावीत म्हणून १९६६ मध्ये मांडलेली शेजारच्या शाळेची कल्पना इथे गरीब मुलाला दाराबाहेर ठेवायला वापरली गेली होती. पालक आणि संघटना न्यायालयात गेले.

खंडपीठाने तो बदल रद्द केला. निकालानंतर त्या वर्षीचे पंचवीस टक्क्यांतले प्रवेश सुरू झाले, तेव्हा राज्यातल्या बहुतेक शाळा उघडून महिना उलटून गेला होता.